शिक्षणशास्त्र विभागातील प्राध्यापकांचे 'विशेष क्षेत्र' कसे वाचावे आणि मार्गदर्शक कसा निवडावा

प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका नंदुरबार जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत अकरा वर्षे शिकवत आहेत. त्यांचे एम.एड. झाले आहे, त्या नेट उत्तीर्ण आहेत आणि आता त्यांना शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. त्यांच्या वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा पावरी ही आदिवासी बोली आहे. तिसरीपर्यंत आलेली ही मुले अक्षरे ओळखतात, शब्दही वाचतात, पण वाचलेल्या मजकुराचा अर्थ त्यांच्या हाती लागत नाही, हे त्यांचे निरीक्षण आहे आणि त्यावरच त्यांना संशोधन करायचे आहे. त्यांनी तीन विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतील प्राध्यापकांची माहिती काढली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नावासमोर 'शैक्षणिक मानसशास्त्र', 'शिक्षक शिक्षण', 'शैक्षणिक तंत्रज्ञान', 'मूल्यमापन' असे तेच ते शब्द आढळले. 'भाषा शिक्षण' हे क्षेत्र दोघांच्याच नावासमोर होते. यावरून कोणाला खरोखर काय येते हे कसे ओळखावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात सव्वीस वर्षे अध्यापन केले, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आणि इतर विद्यापीठांचे प्रबंध बहिःस्थ परीक्षक म्हणून तपासले. त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

प्रथम हे 'विशेष क्षेत्र' नावाचे शब्द येतात कोठून, हे आपण समजून घ्यावे. आपल्याकडील बहुतेक शिक्षणशास्त्र विभागांची घडण अध्यापक प्रशिक्षणाभोवती झालेली आहे. तेथे प्राध्यापकाची नेमणूक होते ती बहुधा एखाद्या शालेय विषयाच्या अध्यापन पद्धतीसाठी, म्हणजे मराठी, गणित, विज्ञान किंवा इतिहास यांसाठी. रुजू झाल्यावर मात्र त्याच्या वाट्याला बी.एड. आणि एम.एड.चे जे पेपर रिकामे असतील ते येतात. एखाद्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवणारे सहकारी निवृत्त होतात आणि तो पेपर नव्याने आलेल्या व्यक्तीकडे जातो. पाच-सात वर्षे तो शिकवल्यावर तेच तिचे विशेष क्षेत्र म्हणून माहितीपत्रकात छापले जाते. यात कोणाचीही लबाडी नसते. अनेक विभागांत मंजूर पदांपैकी निम्मी पदे रिकामी असताना चार माणसांनी चौदा पेपर वाटून घेतले, तर दुसरे काय होणार? पण यामुळे आपल्यासारख्या विद्यार्थ्यापुढे अडचण उभी राहते, कारण त्या शब्दांवरून ती व्यक्ती काय शिकवते एवढेच कळते. तिने कशाचा शोध घेतला आहे, हे त्यातून कळत नाही.

याची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. आमच्या विभागात मराठी अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ सहकारी होत्या. माहितीपत्रकात त्यांच्या नावासमोर एवढेच लिहिलेले असे आणि त्यांचे शोधनिबंधही मोजकेच होते. परंतु त्यांच्या लोखंडी कपाटाचे दोन कप्पे पहिली-दुसरीच्या मुलांच्या वाचनाच्या ध्वनिफितींनी भरलेले होते. प्रत्येक फितीवर मुलाला दिलेला क्रमांक, गाव, घरची भाषा आणि तारीख त्यांच्या हस्ताक्षरात लिहिलेली असे. मूल अडखळले की त्या फीत थांबवत आणि विद्यार्थ्याला विचारत, "ते अक्षर न ओळखल्यामुळे थांबले, की पुढचा शब्द अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला म्हणून थांबले?" या एका प्रश्नावर आमच्या कितीतरी एम.एड.च्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध उभे राहिले. वाचनाविषयी त्यांना जे कळत होते, ते कोणत्याही संकेतस्थळावर कधीच नोंदले गेले नाही. म्हणून, ज्यांच्या नावासमोर 'भाषा शिक्षण' नाही त्यांना आपण पहिल्याच चाळणीत वगळू नये.

मग शोध कोठे घ्यावा? माझे उत्तर आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेला 'शोधगंगा' हा प्रबंधांचा साठा सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेता येतो. निवडक मार्गदर्शकांचे प्रत्येकी तीन-चार प्रबंध उघडा. प्रस्तावना वाचण्यात वेळ घालवू नका, कारण प्रस्तावना आणि संबंधित साहित्याचा आढावा ही प्रकरणे आपल्याकडे बऱ्याचदा एका ठरावीक साच्यातून निघतात. आधी परिशिष्टे उघडा. मुलांना दिलेली चाचणी, शिक्षकांना दिलेली प्रश्नावली, निरीक्षणाचे तक्ते आणि मुलाखतीचे प्रश्न तेथे जसेच्या तसे असतात. संशोधकाने जगाला नेमके काय विचारले हे परिशिष्टात दिसते आणि मार्गदर्शकाने ते कितपत बारकाईने पाहिले होते हेही तेथेच दिसते.

याचे एक उदाहरण सविस्तर देते. तिसरीच्या मुलांच्या वाचन-आकलनावरील एक प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. वाचन विकास कार्यक्रमाची निर्मिती करून त्याची परिणामकारकता तपासणे, असा त्याचा विषय होता. परिशिष्टातील चाचणीचा उतारा साधारण असा होता: सकाळ झाली, आई उठली, तिने चूल पेटवली, भाकरी केली, बाबा बैल घेऊन शेतावर गेले. त्याखाली पाच प्रश्न होते. आईने काय पेटवले, चुलीवर काय केले, बाबा कोठे गेले, कोणाला घेऊन गेले आणि ही कोणती वेळ होती. मी उतारा झाकून ठेवला आणि शेजारच्या घरातील पहिलीतल्या मुलीला हे प्रश्न नुसते तोंडी विचारले. उतारा तिने पाहिलेलाही नव्हता. पाचपैकी चार उत्तरे तिने बरोबर दिली, कारण खेड्यात चुलीवर भाकरी होते आणि बाबा बैल घेऊन शेतावर जातात हे समजायला वाचावे लागत नाही. म्हणजे ही चाचणी वाचनाचे आकलन मोजतच नव्हती. तिच्या आधारावर काढलेली मध्यमाने, टी-मूल्ये आणि ०.०५ स्तरावर त्यागलेली शून्य परिकल्पना (म्हणजे कार्यक्रमाचा काहीच परिणाम झाला नाही, हे गृहीतक) असे सारे आकडे गणिताच्या दृष्टीने बिनचूक होते आणि तरीही त्यांना काही अर्थ नव्हता. मौखिक परीक्षेत मी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा ही चाचणी बारा तज्ज्ञांकडून तपासून घेतली आहे, असे उत्तर मिळाले आणि तज्ज्ञांची यादी पुढे करण्यात आली. ती यादी मी वाचली होती. तिच्यात बारा नावे होती, पण पहिली ते तिसरीच्या वर्गात बसून मुलांचे वाचन ऐकणारे त्यांत कोणी आहे असे दिसत नव्हते.

त्या विद्यार्थ्याने चार वर्षे मनापासून काम केले होते, याचे मला आजही वाईट वाटते. ज्या मार्गदर्शकाला वाचन या विषयाची जाण आहे, त्याने ती चाचणी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवली असती आणि जे मुलाला आधीपासून ठाऊक नाही असे काही सांगणारा उतारा लिहून आणायला सांगितले असते. दोन मिनिटांच्या त्या सूचनेने विद्यार्थ्याची चार वर्षे वाचली असती, आणि मार्गदर्शकाच्या तज्ज्ञतेकडून आपण अपेक्षा करायची ती हीच.

परिशिष्टानंतर शीर्षके पाहा, पण एकेक न पाहता एकत्र पाहा. एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली झालेल्या सात-आठ प्रबंधांची शीर्षके एका कागदावर उतरवून काढली, की दोनपैकी एक चित्र दिसते. पहिल्या चित्रात आठवीच्या विज्ञानासाठी संगणक-साहाय्यित अनुदेशन कार्यक्रमाची परिणामकारकता, नववीच्या भूगोलासाठी त्याच धर्तीच्या कार्यक्रमाची परिणामकारकता, छात्राध्यापकांच्या ताणतणावाचा अभ्यास, मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा अभ्यास, अशी एकमेकांशी संबंध नसलेली शीर्षके असतात. विद्यार्थी जो विषय घेऊन आला तो मान्य झाला आणि प्रत्येकाला पूर्वचाचणी व उत्तरचाचणीचा तोच आराखडा मिळाला, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या चित्रात प्रत्येक प्रबंध वेगळा असला तरी मुळाशी एकच प्रश्न असतो. उदाहरणार्थ, अपूर्णांकांविषयी मुलांच्या मनातील कल्पना, मग त्या कल्पनांविषयी शिक्षकांना असलेली माहिती, मग पाठ्यपुस्तकातील अपूर्णांकांची मांडणी, आणि नंतर या सर्वांवर आधारलेला शिक्षक-प्रशिक्षणाचा प्रयोग. असा मार्गदर्शक भेटला तर त्याचा विषय गणित असला तरीही त्याच्याशी जरूर बोला, कारण एका प्रश्नाजवळ दहा-पंधरा वर्षे टिकून राहण्याची सवय ज्याला आहे, त्याला आपल्या प्रश्नाचे मोलही लवकर कळते.

ही दुसऱ्या प्रकारची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याची स्थापना १९७४ मध्ये झाली. मुले गणित आणि विज्ञान कसे समजून घेतात, कोठे आणि का चुकतात, हा तेथील संशोधनाचा गाभा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षक शिक्षण आणि शिक्षणाची धोरणे यांवर सलग काम झाले आहे, तर आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञान हा स्वतंत्र संशोधनविषय म्हणून रुजला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्रातून प्राध्यापक एम. बी. बुच यांनी भारतातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि देशात कोणत्या विषयांवर प्रबंध झाले आहेत, कोणत्या विषयांकडे कोणी वळलेलेच नाही, हे एका ठिकाणी पाहण्याची सोय प्रथमच झाली. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे पुण्यात आलेली भारतीय शिक्षण संस्था आपण जाणताच. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या नाईकांनी आणि चित्राताई नाईक यांनी शिक्षणाचा प्रश्न अर्थकारण, समाजरचना आणि खेड्यातील प्रत्यक्ष प्रयोग यांच्याशी जोडला. आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना तर आपण पालघर जिल्ह्यातील कोसबाडकडे पाहिलेच पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांनी प्रश्नावलीने शोधले नाही. त्या मुलांच्या दिवसाचे वेळापत्रक पाहून त्यांनी ते शोधले. मी माझ्या विद्यार्थ्यांना नमुना निवडीच्या आधी ही कुरणशाळा शिकवत असे.

आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे म्हणता येईल असे एक काम पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे झाले आहे. मराठी आणि कन्नड या दोन भाषांतील प्रारंभिक वाचन-लेखनाचा तो अभ्यास होता. त्यात पहिलीत आलेल्या मुलांचा सलग तीन वर्षे मागोवा घेण्यात आला आणि त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात केवळ चाचण्या नव्हत्या. वर्गनिरीक्षणे होती, शिक्षकांशी संवाद होता, अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तकांचे विश्लेषणही होते. हे काम आपण मुळातून वाचावे असे मी सुचवते, त्यातील निष्कर्षांसाठी आणि त्याहूनही अधिक त्याच्या बांधणीसाठी. आपल्या प्रश्नाला किती प्रकारची जाण लागते हे त्या बांधणीवरून समजते. त्यासाठी मुलांच्या वाचनप्रक्रियेची जाण लागते. मराठीच्या लिपीची लागते, कारण इंग्रजी वर्णमालेवर बेतलेले सिद्धान्त मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असलेल्या लिपीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. बोलीची लागते. मापनाची लागते. आणि वर्गात महिनोन्महिने बसण्याची तयारी लागते. ही सर्व जाण एका मार्गदर्शकाकडे असेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. आपल्याजवळ काय नाही हे त्याला ठाऊक असले आणि त्यासाठी दुसऱ्याकडे जाण्यात त्याला कमीपणा वाटत नसला, तर तेवढे पुरेसे आहे.

म्हणून सह-मार्गदर्शकाचा विचार आपण सुरुवातीपासूनच करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सह-मार्गदर्शक घेण्याची तरतूद आहे. आपल्या बाबतीत मुख्य मार्गदर्शक शिक्षणशास्त्रातील आणि सह-मार्गदर्शक भाषाविज्ञानातील, ही जोडी मला सर्वांत उपयुक्त वाटते. नंदुरबारमध्ये पावरीबरोबर मावची, देहवाली, भिलोरी, कोकणी अशा कितीतरी बोली आहेत आणि त्यांची ध्वनिव्यवस्था मराठीपेक्षा कोठे वेगळी आहे हे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाला ठाऊक असेलच असे नाही.

नियमांचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्याअभावी पुढे अडचण येते. त्याच विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक होण्यासाठी प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाचे किमान ५ आणि सहायक प्राध्यापकाचे किमान ३ शोधनिबंध समीक्षित, म्हणजे निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या, नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले असावे लागतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या व्यक्तीला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आपल्या यादीत असे ज्येष्ठ प्राध्यापक असतील तर त्यांना मार्गदर्शक होण्याची गळ घालू नका, मात्र सल्ला जरूर घ्या. अभ्यासक्रमाचा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यापुढे आणखी २ वर्षांची सवलत आहे. आपण नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणार, तेव्हा जिल्हा परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. त्याच्या मागे आजच लागावे, कारण ती फाइल किती टेबलांवरून जाते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल.

शोधनिबंधांच्या याद्यांविषयी मात्र थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक विद्यार्थी त्यांची संख्या पाहून दबून जातात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पदोन्नतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि तिच्याबरोबर पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिकेही आली. त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 'यूजीसी-केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चालत असे. पुढे त्या यादीतील नावाजलेल्या नियतकालिकांच्या हुबेहूब बनावट आवृत्त्याही निघाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. त्यामुळे आता 'केअर यादीतील इतके निबंध' या दाव्यावर विसंबून चालणार नाही. निबंध स्वतः उघडून वाचावा लागेल. ज्या अंकात शिक्षण, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि ग्रंथालयशास्त्र शेजारी शेजारी छापले आहे, त्या अंकाने निबंध तज्ज्ञाकडून तपासून घेतला असेल अशी शक्यता फार कमी. निबंध वाचताना मी तीन गोष्टी पाहते. लेखकाने किती मुलांशी किंवा शिक्षकांशी, कोठे आणि किती काळ काम केले हे स्पष्ट लिहिले आहे का? मुलाच्या किंवा शिक्षकाच्या तोंडचे एखादे वाक्य, एखादी चूक, वर्गातील एखादा प्रसंग त्यात आहे का? आणि आपल्या अपेक्षेविरुद्ध गेलेला एखादा निष्कर्ष लेखकाने मान्य केला आहे का? ही तिसरी गोष्ट दुर्मीळ आहे, आणि ती जेथे सापडेल त्या व्यक्तीचे नाव आपल्या यादीत वर न्यावे.

याच संदर्भात मराठीतून लिहिणाऱ्यांवर होणारा अन्यायही लक्षात घ्यावा. आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये मराठी लेखन फारसे मोजले जात नाही, म्हणून आयुष्यभर मराठी शाळांवर, मराठी शिक्षकांसाठी, मराठीत लिहिलेल्या प्राध्यापकाच्या नावासमोर उद्धृतांची (इतर संशोधकांनी त्यांच्या लेखनाचा संदर्भ दिल्याची) संख्या शून्य दिसू शकते. 'शिक्षण आणि समाज' किंवा 'भाषा आणि जीवन' यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळले, तर आपल्या विषयावर विचार केलेली माणसे आपल्याला तेथे भेटतील. आपला प्रबंध मराठीत लिहावा की इंग्रजीत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी माझे मत नोंदवते. वाचनातील चुकांचे विश्लेषण ज्या भाषेतील आहे, त्याच भाषेत ते लिहावे. "मुलाने वेलांटीची दिशा बदलली" हे वाक्य इंग्रजीत सांगायला अर्धे पान लागते आणि ज्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हायचा त्यांच्यापर्यंत ते पोहोचतही नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. बहुतेक उमेदवार शीर्षक घेऊन येतात, आणि ते शीर्षक 'च्या परिणामकारकतेचा अभ्यास' या शब्दांनी संपत असते. आपण शीर्षक नेऊ नका. आपल्या वर्गातील तीन मुलांविषयी एकेक पान लिहून न्या. मूल कोणता उतारा वाचत होते, कोठे थांबले, काय म्हणाले, विचारल्यावर त्याने पावरीत काय सांगितले, मराठीत काय सांगितले, एवढेच त्या पानावर असावे. निदान लिहू नका. मग समोरची व्यक्ती त्या पानांचे काय करते ते पाहा. पाने बाजूला सारून 'नमुना किती घेणार?' असे कोणी विचारले, तर तेथे आपल्या प्रश्नासाठी जागा कमी आहे असे समजा. चष्मा लावून तिने दुसरे पान पुन्हा वाचले आणि 'या मुलाला तोच मजकूर तुम्ही वाचून दाखवलात तर समजतो का?' असे विचारले, तर आपली खुर्ची थोडी पुढे ओढून बसा. कारण हा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. वाचून दाखवलेला मजकूर समजत असेल तर अडचण अक्षरवाचनाच्या गतीत आहे. ऐकूनही समजत नसेल तर ती मराठी भाषेच्या परिचयात आहे. या दोन अडचणींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि वाचता न येणारी मुले म्हणून दोघांनाही एकाच उपचारात्मक वर्गात बसवण्याची चूक आपल्या शाळांत सर्रास होते.

आपल्यालाही एक प्रश्न विचारता येईल आणि तो आपण नम्रपणे, पण जरूर विचारावा. खानदेशातील अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. मुलासमोर 'पाणी' हा शब्द लिहिलेला आहे, मूल 'पानी' असे वाचते आणि बोट खिडकीतल्या माठाकडे दाखवते. नोंदवहीत ही वाचनाची चूक म्हणून लिहावी का? चूक आहे, लिहा, असे उत्तर लगेच आले तर विचार करा. चूक नाही, सोडून द्या, असे लगेच आले तरीही विचार करा. जो मार्गदर्शक म्हणेल की आपण काय मोजत आहोत यावर ते अवलंबून आहे, उच्चार मोजत असू तर एक नोंद, लिपीची ओळख मोजत असू तर हेच मूल 'बाण' आणि 'बान' यांतील 'ण' आणि 'न' ही अक्षरचिन्हे वेगळी ओळखते का ते आधी पाहू, आणि अर्थ मोजत असू तर मुलाने उत्तर दिलेलेच आहे, त्याच्याकडे वाचनाच्या मापनाची जाण आहे असे खुशाल समजावे, मग त्याच्या नावासमोर काहीही छापलेले असो. मुलांना कितपत वाचता येते हे पाहणाऱ्या 'असर'सारख्या सर्वेक्षणांतील अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही पायऱ्यांची चाचणी २००५ पासून देशभर वापरली जात आहे आणि घरोघरी जाऊन थोड्या वेळात ढोबळ चित्र मिळवण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु एखादे मूल नेमके का अडले हे सांगण्यासाठी ती बनवलेली नाही, आणि पीएच.डी.च्या कामात ती जशीच्या तशी उचलू नये, हेही अशा मार्गदर्शकाकडून आपल्याला ऐकायला मिळेल.

त्या मार्गदर्शकाच्या हाताखाली सध्या काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि शक्य असल्यास मध्येच सोडून गेलेल्या एखाद्याशीही. स्वभावाची चौकशी करण्यात अर्थ नाही. त्या उत्तरांतून फारसे हाती लागत नाही. लिहून दिलेले प्रकरण किती दिवसांनी परत मिळते आणि परत आल्यावर त्यावर काय लिहिलेले असते, एवढे विचारा. शुद्धलेखनाच्या खुणा आणि 'संदर्भ वाढवा' एवढाच शेरा येतो, की 'पान ४३ वरील मुलाने असे का केले असावे?' असा प्रश्न येतो? माझ्या मार्गदर्शकांनी माझे तिसरे प्रकरण पाच महिने ठेवून घेतले होते आणि परत दिले तेव्हा त्यावर पेन्सिलची एकही खूण नव्हती. त्यानंतर मी स्वतः मार्गदर्शक झाले तेव्हा एकवीस दिवसांची मर्यादा स्वतःला घालून घेतली आणि नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच दिवशी लिहून देत असे. अशी मर्यादा आपणही विचारून घेऊ शकता. प्रामाणिक मार्गदर्शक त्यामुळे दुखावत नाही.

विभागाकडे एक संपूर्ण घटक म्हणूनही पाहावे, कारण सहा वर्षे आपण एका व्यक्तीबरोबर नसता. उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकटीत (एनआयआरएफ) अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी असे गट आहेत, पण शिक्षणशास्त्राचा स्वतंत्र गट नाही, म्हणून विद्यापीठाच्या क्रमवारीवरून विभागाचा दर्जा ठरवता येत नाही. त्याऐवजी विभागाच्या ग्रंथालयात जाऊन वाचन या विषयावरची किती पुस्तके गेल्या दहा वर्षांत विकत घेतली गेली ते पाहावे. विभागाचे शेजारच्या शाळांशी असलेले नाते फक्त छात्राध्यापकांच्या सराव पाठांपुरते आहे, की प्राध्यापक स्वतः शाळेत जाऊन बसतात, हे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारले तर ते सरळ सांगतात. प्राध्यापकांच्या नावावर एनसीईआरटीच्या संशोधन समितीचे किंवा भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे प्रकल्प असतील तर त्यांचे अहवाल मागावेत. अहवाल हसतमुखाने हातात ठेवला जातो की शोधावा लागतो, यावरूनही बरेच समजते.

आपल्या यादीतील 'भाषा शिक्षण' लिहिलेल्या दोघांपैकी एकीचे तीन प्रबंध मी आपला प्रश्न आल्यावर शोधगंगेवर पाहिले. नाव लिहिणे योग्य नाही, परंतु एवढे सांगते की त्यांतील दोन प्रबंधांच्या परिशिष्टांत मुलांच्या हस्ताक्षरातील पाने जोडलेली आहेत आणि प्रत्येक चुकीच्या बाजूला संशोधकाने ती चूक कोणत्या प्रकारची आहे हे लिहिले आहे. त्यांना भेटायला जावे. जाण्याआधी आपल्या वर्गातील त्या तीन मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे. पालकांना आधी पावरीत समजावून सांगून त्यांची संमती घ्यावी, मुलांची नावे फाइलवर लिहू नयेत, आणि मुद्रण दुपारच्या जेवणाआधी करावे, कारण जेवणानंतर तिसरीतली मुले पेंगतात आणि त्यांचे अडखळणे मग वाचनाचे राहत नाही.